घरच्या अंगणात ब्रेक पॅड बदलताना

(यवतमाळ येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकायला छोटा आहे. गाडीचे ब्रेक पॅड घरच्या घरी कसे बदलायचे? चाकाचे चार-पाच नट, कॅलिपरचे दोन बोल्ट, एका चाकाला फार तर तासभर. मोबाइलवर याचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ सापडतात आणि त्यातले पुष्कळसे चांगलेही असतात. मग यावर व्याख्यान कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर ते रास्त आहे.

त्याचं उत्तर असं. या कामात पॅड बदलणं हा सोपा भाग आहे. तपासणी हा अवघड भाग आहे. चांगला मिस्त्री पॅड बदलतो तेव्हा त्याचे हात पॅडवर असतात, पण नजर रबरी पाइपवर, पिस्टनच्या सीलवर, डिस्कच्या कडेवर फिरत असते. आपण घरी काम करायला बसलो की पाना आपल्या हातात येतो; ती नजर मात्र आपोआप येत नाही. आणि हे काम चुकलं तर त्याची किंमत फक्त आपण देत नाही. समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं, की बाबा, या गाडीचे ब्रेक आज मी स्वतः जोडलेत, चालेल ना? म्हणून आज कृती सांगतोच, पण प्रत्येक पायरीला काय बघायचं आणि कुठे हात थांबवायचा, ते जास्त सांगणार आहे.

उदाहरणासाठी मी स्पोर्ट्स कार घेतली आहे. तुम्ही म्हणाल, यवतमाळात स्पोर्ट्स कार किती? कमीच. पण हौस आपल्याकडे नवी नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर दोन माणसांची छोटी रोडस्टर बनवली. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत डीसीची अवंती लोकांसमोर आली. शिवाय आज गल्लोगल्ली पुढे डिस्क असलेल्या बाइक उभ्या आहेत. स्पोर्ट्स कार घ्यायचं कारण एवढंच, की तिच्यात ब्रेकचं सगळं काही ठळक दिसतं. तत्त्व तुमच्या-माझ्या साध्या गाडीलाही तेच.

ब्रेक करतो काय?

आपण म्हणतो, ब्रेक गाडी थांबवतो. नेमकं बोलायचं तर ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतं, घर्षण होतं, डिस्क तापते आणि ती उष्णता हवेत जाते.

किती उष्णता? हिशोब करू. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा भरते सुमारे ४६० किलोज्यूल. म्हणजे साधारण ३० अंशाचं दीड लिटर पाणी उकळीला आणायला लागेल इतकी. घरी गॅसवर दीड लिटर पाणी ठेवून बघा किती वेळ लागतो. ब्रेकला तेवढी उष्णता चार-पाच सेकंदांत गिळायची असते. वेग ५० वर आणला तर? अर्धी नाही, पाव होते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

आता चिखलदऱ्याचं उदाहरण घ्या. तिथून परतवाड्याकडे उतरताना आपण सातशे मीटरच्या आसपास खाली येतो. तीच १२०० किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे ताशी १०० वरून सतरा-अठरा वेळा थांबवण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवा घेते, थोडी इंजिन घेतं. तुम्ही न्यूट्रल करून उतरलात तर इंजिनाचा वाटा शून्य आणि सगळा भार पॅडवर. मग पॅड इतकं तापतं की त्याची पकड कमी होते. पेडल घट्ट लागतं, पाय दाबतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही. याला फेड होणं म्हणतात. घाटात खालचा गिअर टाकायला जुने ड्रायव्हर सांगतात, त्यामागे हा हिशोब आहे.

चामड्यापासून आजपर्यंत

ब्रेकला बदलता येईल असं अस्तर लावायची कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेली मोटारगाडी चालवत जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटरचा प्रवास. उतारांवर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने गाड्यांच्या ब्रेकसाठी खास अस्तरं करायला सुरुवात केली. त्याच्याच नावाची अक्षरं फिरवून फेरोडो हे नाव झालं. ते आजही पॅडच्या डब्यांवर दिसतं.

डिस्क ब्रेकला खरा मान मिळाला तो शर्यतीत. १९५३ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. ड्रम बंद डब्यासारखा असतो, त्यात उष्णता कोंडते. डिस्क उघडी, तिला वारा लागतो. म्हणून ती पुनःपुन्हा तापूनही काम देते.

गाडी उचलण्याआधी

आता कामाला लागू. पहिला धोका ब्रेकचा नाहीच. तो गाडी अंगावर येण्याचा आहे.

आपल्या भागात हे जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ओल असली की वजन ठेवलेली वस्तू खाली बसते. मातीच्या अंगणात जॅक लावला की सुरुवातीला ठीक वाटतं. दहा मिनिटांनी तो एका बाजूला कललेला असतो. सिमेंटची सपाट जागा शोधा. नसेलच तर जाड, रुंद लाकडी फळी खाली घ्या, आणि पावसाळ्यात तेही टाळा.

गाडी गिअरमध्ये ठेवा. पुढचं चाक काढायचं असेल तर हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून उचला आणि लगेच खाली लोखंडी स्टँड द्या. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी स्टँड. विटा किंवा सिमेंटचा ब्लॉक स्टँड म्हणून कधीही वापरू नका. ते वाकून सूचना देत नाहीत, एकदम फुटतात. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

चाक निघालं, आता बघा

लगेच पाना लावू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. मोबाइलने फोटो काढा, स्प्रिंग कुठली कुठे बसली आहे ते नंतर आठवत नाही. आणि एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली राहिली की शंका आल्यावर तिथे जाऊन बघता येतं.

काय बघायचं? पॅडवरचं घर्षणाचं अस्तर नवं असताना बहुतेक गाड्यांत १० ते १२ मिलिमीटर असतं. ३ मिलिमीटरवर आलं की बदलायची वेळ झाली. आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही पॅड बघा. बाहेरचं जाड आणि आतलं पातळ, असं दिसलं तर नुसतं पॅड बदलून भागणार नाही. साध्या गाडीत कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या पिना अडकल्या की एकाच पॅडवर भार येतो. वणीकडे कोळशाची धूळ, वावराच्या रस्त्याने काळा चिखल, हे सगळं पिनांच्या रबरी टोपणांवर बसतं. टोपण फाटलं की आत पाणी, पाण्याने गंज, गंजाने पिन जाम. अशा गाडीत नवं पॅड घातलं तरी तेही एका बाजूने लवकर संपेल.

मग डिस्क. तिच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. तेवढी उरली नसेल तर डिस्क बदलावीच लागते. खोल चरे, तडे, निळे-जांभळे डाग दिसले तर तेही मिस्त्रीला दाखवा. शेवटी रबरी पाइप: भेगा, फुगवटा, ओलसरपणा. पिस्टनभोवती ओल दिसली तर सील गेलं आहे.

पॅड काढणं आणि पिस्टन मागे घेणं

साध्या गाडीत खालच्या पिनेचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला जातो. पुष्कळ स्पोर्ट्स कारमध्ये कॅलिपर जागेवर पक्का असतो, त्यात दोन्ही बाजूंना मिळून चार किंवा सहा पिस्टन असतात, आणि आडव्या पिना काढल्या की पॅड वरून बाहेर येतं. दिसायला भारी, पण काढायला कधी कधी हेच सोपं. कॅलिपर सोडवावा लागला तर तो रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका. तारेने स्प्रिंगला बांधा.

धूळ फुंकू नका आणि हवेचा पाइप तर मारूच नका. जुन्या किंवा बनावट पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं तर परत निघत नाही. साध्या पॅडची धूळही श्वासात जाण्यासारखी नसते. ब्रेक क्लीनर मारून ओलं करा, फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

नवं पॅड जाड असतं, म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघा. पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं. बाटली काठोकाठ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा. मग पिस्टनवर जुनं पॅड ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. कॅलिपरमध्ये अनेक पिस्टन असतील तर एक दाबताना दुसरा बाहेर येतो, त्यावर लक्ष ठेवा.

मागच्या चाकाला डिस्क असेल तर सावध. हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन अनेकदा फिरवत आत न्यावा लागतो. नुसता दाबला तर आतलं यंत्र मोडतं. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. हे पुस्तकात वाचल्याशिवाय मागच्या बाजूला हात लावू नका.

जोडणी, आणि पहिलं पेडल

पिना पुसून त्यांवर ब्रेकसाठीचं उष्णता सहन करणारं ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. पॅडच्या अस्तराला आणि डिस्कला ग्रीसचा, तेलकट हाताचा स्पर्शही नको. पॅड नेहमी जोडीने बदला, म्हणजे पुढची डावी-उजवी दोन्ही चाकं. एकाच बाजूला नवं घातलं तर जोरात ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल.

बोल्ट आणि नट पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा. बऱ्याच छोट्या गाड्यांत चाकाचे नट ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, पण आपल्या गाडीचा आकडा आपणच बघायचा. पान्याला पाइप लावून उभं राहून आवळणं म्हणजे घट्टपणा नव्हे. त्याने बोल्टचे आटे जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिस्टन आपण मागे ढकलला आहे. म्हणजे पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे. या अवस्थेत गाडी सुरू करून निघालात, तर पहिल्यांदा पेडल दाबल्यावर ते सरळ तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही. म्हणून चाक लागलं, गाडी खाली उतरली, की इंजिन सुरू करण्याआधी पेडल सावकाश, पुनःपुन्हा दाबायचं. चार-पाच-सहा वेळा. ते वर येऊन घट्ट झालं पाहिजे. मग ऑइलची पातळी बघायची. मग इंजिन सुरू करून पुन्हा पेडल. मग अंगणातच, चालण्याच्या वेगाने पुढे-मागे. फाटकाबाहेर त्यानंतर.

नवं पॅड मुरवणं

नवं पॅड लगेच पूर्ण पकड घेत नाही. अस्तराचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ५० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा. थोडं चालवा, वारा लागू द्या, पुन्हा करा. असं आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या डिस्कवर ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. पॅडच्या डब्यावर कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

हे कुठे करायचं? वडकी-करंजी-पांढरकवड्याकडचा राष्ट्रीय महामार्ग ४४ ही त्याची जागा नव्हे. तिथे मागून ट्रक वेगात येतात. पहाटेचा, कमी वर्दळीचा सरळ रस्ता निवडा. आणि तिथेही कापसाची बंडी, ट्रॅक्टर, रोही, गुरं यांचा विचार ठेवा.

स्पोर्ट्स कारवाल्यांना एक वेगळी सूचना. शर्यतीची पॅड म्हणून जी मिळतात, ती तापल्यावर उत्तम पकडतात. थंड असताना कमी पकडतात. शर्यतीत ती कायम तापलेली असतात. आपल्या बाजारातल्या रस्त्यावर सकाळचा पहिला ब्रेक थंड पॅडवर लागतो, आणि समोर शाळेतलं पोर असू शकतं. रोजच्या गाडीला रस्त्याचीच पॅड.

हात कुठे थांबवायचा

माझा नियम साधा आहे. पॅड, पिना, सफाई, इथवर घरी. ज्या क्षणी ऑइलच्या पाइपला पाना लावावा लागणार असं दिसतं, त्या क्षणी काम थांबवायचं आणि मिस्त्रीला बोलवायचं. पाइप उघडला की हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही; म्हणून हवा शिरली की पेडल स्पंजासारखं होतं. ती नीट काढायला सराव लागतो, आणि एबीएसच्या काही गाड्यांत कॉम्प्युटरही लागतो. पिस्टन मागे जातच नाही, सील ओलं आहे, पेडल दाबूनही घट्ट होत नाही, यातलं काहीही झालं तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. मिस्त्रीने अंगणात यायचं, गाडीने मिस्त्रीकडे जायचं नाही.

प्रश्नोत्तरं

*श्रोता: ब्रेक ऑइल कमी झालं तर वरून टाकलं की झालं ना?*

पॅड झिजतं तसा पिस्टन पुढे सरकतो, म्हणून ऑइल थोडं खाली जाणं स्वाभाविक आहे. एकदम खाली गेलं तर गळती शोधा. नाव ऑइल असलं तरी इंजिनचं किंवा दुसरं कुठलं तेल त्यात टाकायचं नाही, सगळी सीलं खराब होतात. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाका. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, ते बदलून घ्यावं.

*श्रोती: ब्रेक लावला की बारीक किंचाळी येते. पॅड गेलं समजायचं का?*

काही पॅडवर पत्र्याची छोटी जीभ असते; अस्तर संपत आलं की ती डिस्कला घासून आवाज करते. तो निरोप समजा आणि चाक काढून बघा. पावसानंतर सकाळी डिस्कवर गंज धरून थोडा आवाज येतो, तो चार ब्रेकमध्ये जातो. धातूवर धातू घासल्याची खरखर आली तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

*श्रोता: बाइकचं पॅड मुलगा घरी बदलतो म्हणतो. करू द्यावं?*

करू द्या, पण पहिल्यांदा शेजारी बसा. बाइकला स्टँड पक्का, डिस्कला हात नाही, आणि निघण्याआधी लिव्हर दाबून घट्ट. पॅड काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतो. काम झाल्यावर त्याला विचारा, काय काय बघितलंस? पॅड बदललं एवढंच सांगितलं, तर चावी देऊ नका. पिना, पाइप, डिस्क, लिव्हर, चारही गोष्टी त्याने आपण होऊन सांगितल्या, तर त्याला काम आलं.